‘गैरसमज’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवणे आणि इतरांचा मजकूर छपाईपूर्वी तपासून देणे, अशी दोन कामे मी अनेक वर्षे करत आले आहे. हिंजवडीत नोकरी करणारे अभियंते, गृहनिर्माण संस्थांचे सचिव, शाळांतील शिक्षिका आणि नव्याने लिहू लागलेले लेखक यांच्याकडून ‘गैरसमज’ या एका शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसऱ्या उत्तरात आले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘गैरसमज’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

एखादी गोष्ट, एखादे बोलणे किंवा एखादी व्यक्ती यांच्याविषयी मनाने काही अर्थ लावला, पण तो वस्तुस्थितीला धरून नव्हता, तर त्या चुकीच्या आकलनाला गैरसमज म्हणतात. येथे समजण्याची क्रिया पूर्ण झालेली असते, हे महत्त्वाचे आहे. ज्याला काहीच समजले नाही, त्याचा गैरसमज झाला असे म्हणता येत नाही. गैरसमज झालेल्या माणसाला आपल्याला नीट समजले आहे याची खात्री असते.

व्यवहारात या शब्दाच्या तीन छटा दिसतात. पहिली छटा एका व्यक्तीच्या चुकीच्या आकलनाची आहे: ‘बैठक सकाळी आहे असा माझा गैरसमज झाला.’ दुसरी दोन माणसांमध्ये आलेल्या दुराव्याची आहे: ‘दोघा भावांत काही गैरसमज झाले आहेत.’ तिसरी छटा समाजात रूढ झालेल्या चुकीच्या समजुतीची आहे: ‘हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे, असा अनेकांचा गैरसमज आहे.’ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे. राष्ट्रभाषा असा दर्जा घटनेने कोणत्याही भाषेला दिलेला नाही.

२. ‘गैर’ म्हणजे ‘नाही’ ना? मग ‘गैरसमज’ म्हणजे ‘न समजणे’ असे का होत नाही?

‘गैर’ हा शब्द मुळात अरबी असून फारसीमार्गे मराठीत आला, आणि मराठीत तो दोन वेगळी कामे करू लागला. ‘गैरहजर’, ‘गैरलागू’, ‘गैरसोय’ या शब्दांत तो अभाव दाखवतो: हजर नसलेला, लागू नसलेला, सोय नसणे. ‘गैरवापर’, ‘गैरवर्तन’, ‘गैरफायदा’, ‘गैरव्यवहार’ यांत मात्र तो अभाव दाखवत नाही. वापर, वर्तन, फायदा आणि व्यवहार हे सगळे तेथे घडलेले असतात, फक्त ते अनुचित असतात. ‘गैरसमज’ हा या दुसऱ्या गटातला शब्द आहे. समजेचा अभाव सांगायचा असेल, तर मराठीत ‘नासमज’, ‘अजाण’ असे निराळे शब्द आहेत. ‘त्यात गैर काय आहे?’ या नेहमीच्या वाक्यातील स्वतंत्र ‘गैर’सुद्धा ‘अनुचित’ याच अर्थाचा आहे.

३. शब्दाचा अर्धा भाग अरबी आहे. लेखनात याऐवजी शुद्ध मराठी शब्द वापरावा का?

‘समज’ हा उत्तरार्ध आपल्या घरचा आहे. ‘समजणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘सम्’ आणि ‘बुध्’ यांत मानले जाते आणि प्राकृतातून ते मराठीपर्यंत आले. फारसी-अरबी शब्दांना पर्याय शोधण्याची परंपराही आपल्याकडे जुनी असून छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात तयार झालेला राज्यव्यवहारकोश हे तिचे ठळक उदाहरण आहे. ज्यांना ‘गैर’ टाळायचा आहे त्यांच्यासाठी ‘अपसमज’ हा शब्द उपलब्ध आहे आणि वैचारिक लेखनात तो शोभतोही. तरीही माझे मत स्पष्ट आहे: जो शब्द घरातल्या आजीपासून न्यायालयातल्या वकिलापर्यंत सर्वांना एका क्षणात कळतो, तो बदलण्याचे कारण नाही.

४. हा शब्द एकत्र लिहावा की तोडून? ‘ग’खाली नुक्ता द्यावा का? उच्चार कसा करावा?

‘गैरसमज’ हा एकच शब्द आहे आणि तो जोडूनच लिहावा. मराठी लेखनात नुक्ता देण्याची रीत नाही, त्यामुळे तो देऊ नये.

उच्चाराकडे अमराठी विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत. ‘समज’मधील ‘ज’ हा ‘जागा’ आणि ‘जमीन’ यांतल्यासारखा, जिभेचे टोक दातांमागे नेऊन उच्चारला जातो. ‘समाज’ या तत्सम शब्दातील ‘ज’ मात्र ‘जीवन’मधल्यासारखा तालव्य आहे. देवनागरीत हा भेद दाखवला जात नाही, म्हणून तो कानानेच टिपावा लागतो.

५. ‘माझा समज’ आणि ‘चांगली समज’ अशी दोन्ही रूपे ऐकली. मग ‘गैरसमज’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?

‘गैरसमज’ नेहमी पुल्लिंगी आहे: मोठा गैरसमज, तो गैरसमज, गैरसमज झाला. अनेकवचनात रूप तसेच राहते, म्हणजे ‘एक गैरसमज’ आणि ‘अनेक गैरसमज’. सामान्यरूप ‘गैरसमजा-’ असे होते, म्हणून गैरसमजाने, गैरसमजातून, गैरसमजापोटी, गैरसमजांमुळे.

गोंधळ होतो तो ‘समज’ या शब्दामुळे, कारण तो अर्थानुसार लिंग बदलतो. धारणा किंवा ग्रह या अर्थी तो पुल्लिंगी आहे: ‘तुम्ही पुण्याचेच आहात असा माझा समज होता.’ जाण किंवा ताकीद या अर्थी तो स्त्रीलिंगी आहे: ‘वयाच्या मानाने तिला चांगली समज आहे’, ‘त्याला कडक समज देण्यात आली.’ गैरसमज ही एक धारणाच असल्यामुळे तो पहिल्या अर्थाच्या मागे जातो.

६. ‘गैरसमज’ आणि ‘गैरसमजूत’ यांत फरक आहे का?

अर्थात फरक नाही, लिंगात आहे: ‘माझा गैरसमज झाला’, पण ‘माझी गैरसमजूत झाली.’ ‘गैरसमजूत’ हे रूप आता मुख्यतः जुन्या वळणाच्या लेखनात आणि वयस्कर लोकांच्या बोलण्यात आढळते. लिहिताना एक काळजी घ्यावी: ‘समजूत’मधील ‘जू’ दीर्घ आहे, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो. म्हणून ‘गैरसमजुतीने’, ‘गैरसमजुतीमुळे’ अशी रूपे बरोबर आहेत. माझ्याकडे येणाऱ्या दहा मजकुरांपैकी निम्म्यांत तरी हा दीर्घ ‘जू’ प्रत्ययापूर्वी तसाच राहिलेला असतो.

७. ‘मला गैरसमज झाला’ बरोबर की ‘माझा गैरसमज झाला’?

‘माझा गैरसमज झाला’ हेच मराठी वळण आहे. ‘मला गैरसमज झाला’ ही रचना हिंदीतील वाक्यरचनेच्या प्रभावातून येते आणि पुण्यात ती आता मराठी घरांतल्या मुलांच्या तोंडीही ऐकू येते.

यातून दुसरा, अधिक नाजूक प्रश्न निघतो. मराठीत षष्ठीचे रूप ज्याच्या मनात गैरसमज आहे त्याला लागते. ज्याच्याविषयी आहे त्याला ‘बद्दल’, ‘विषयी’ किंवा ‘बाबत’ लागते. ‘सुनेचा गैरसमज’ म्हणजे सुनेने काहीतरी चुकीचे समजून घेतले. ‘सुनेबद्दलचा गैरसमज’ म्हणजे इतरांनी तिच्याविषयी चुकीचे समजून घेतले. ‘लसीकरणाचे गैरसमज’ असा मथळा दिसला की मी तो ‘लसीकरणाबाबतचे गैरसमज’ असा दुरुस्त करते, कारण लसीकरणाला मन नाही.

८. गैरसमज ‘होतो’, ‘करून घेतला जातो’, ‘करून दिला जातो’, ‘पसरवला जातो’. यांपैकी केव्हा काय वापरावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो. मराठीत गैरसमजाची जबाबदारी कोणाची, हे नाम सांगत नाही, ते क्रियापद सांगते. त्यामुळे क्रियापद निवडताना आपण नकळत एक निवाडा देत असतो, आणि तो विचार करून द्यायला हवा.

‘गैरसमज झाला’ यात कोणावरही ठपका नाही. पाऊस पडावा तसा तो झाला. ऐकणाऱ्याने दुर्लक्ष केले किंवा बोलणाऱ्याने फसवले, असे यातून काहीच सूचित होत नाही, म्हणून समेटाच्या बोलण्यात हेच रूप वापरतात.

‘गैरसमज करून घेतला’ यात जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. त्याने विचारायला हवे होते, थांबायला हवे होते, पण तसे न करता स्वतःच अर्थ लावला, असा सूर त्यात असतो. ‘उगाच गैरसमज करून घेऊ नकोस’ हे वाक्य आई मुलीला प्रेमाने म्हणते, पण कार्यालयातल्या कनिष्ठाने वरिष्ठाला लिहिले तर ते उद्धट ठरते.

‘गैरसमज करून दिला’ यात जबाबदारी बोलणाऱ्यावर येते आणि बहुतेक वेळा हेतूचा आरोपही येतो. ‘विक्रेत्याने वाहनतळ मोफत असल्याचा गैरसमज करून दिला’ असे तक्रारीत लिहिले, तर तो आरोप सिद्ध करण्याची तयारी असावी. हेतूबद्दल खात्री नसेल, तर ‘विक्रेत्याच्या बोलण्यावरून आमचा तसा समज झाला’ एवढेच लिहिणे न्याय्य आहे.

‘गैरसमज पसरवला’ यात ऐकणारे अनेक असतात आणि कर्ता सातत्याने काहीतरी करत असतो. सार्वजनिक वादांत हे रूप सर्रास वापरले जाते, आणि पुष्कळदा केवळ आपल्याला न पटणाऱ्या मतासाठी वापरले जाते, याचे मला वाईट वाटते. मत चुकीचे असू शकते. पण मत मांडणे म्हणजे गैरसमज पसरवणे नव्हे.

राहिले ‘त्याने गैरसमज केला’ हे रूप. ते अधूनमधून दिसते, पण मराठी कानाला अपुरे वाटते. तेथे ‘करून घेतला’ म्हणावे.

९. ‘ध’चा ‘मा’ करणे म्हणजे गैरसमज करून देणे का?

नाही, आणि शनिवारवाड्याच्या गावात तरी या वाक्प्रचाराचा उपयोग जपून व्हावा असे मला वाटते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’ काढून ‘मा’ केला, त्यामुळे ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. या खुनाच्या चौकशीत रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी धरले ते स्वतः रघुनाथरावांना.

कथा खरी मानली तरी तिच्यात गैरसमज कोठेच नाही. गारद्यांनी जे वाचले ते त्यांना बरोबर समजले. बदलला तो मजकूर. म्हणजे येथे घडला तो फेरफार. मूळ शब्द तसेच ठेवून त्यांना भलताच अर्थ चिकटवला, तर तो विपर्यास होतो. शब्द तेच, हेतू शुद्ध, तरी अर्थ वेगळा पोहोचला, तर तो गैरसमज होतो. एखाद्याच्या भाषणातले अर्धेच वाक्य उचलून फिरवले, तर ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हणता येईल. पण ज्या बिचाऱ्याने ते अर्धे वाक्य वाचून मत बनवले, त्याचा मात्र गैरसमजच झालेला असतो.

१०. पूर्ण खरे बोलूनही गैरसमज करून देता येतो का?

येतो. महाभारतातील द्रोणाचार्यांचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे: अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता, आणि युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे शब्द मोठ्याने व हत्तीविषयीचा भाग हळू उच्चारला. द्रोणांनी आपला पुत्र गेला असे समजून शस्त्र खाली ठेवले. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार याच प्रसंगावरून रूढ झाला, पण त्याचा आजचा अर्थ ‘स्पष्ट भूमिका न घेणे’ असा आहे. ‘समितीने नरो वा कुंजरो वा अशी भूमिका घेतली’ या वाक्यात समितीने कोणाची दिशाभूल केली असा आरोप नसतो. जाणूनबुजून गैरसमज करून देणे या अर्थाने तो वाक्प्रचार वापरल्यास वाचकाला वेगळेच कळेल.

११. ‘समज आणि गैरसमज’ असे मथळे असतात. त्यात ‘समज’ म्हणजे खरी माहिती का?

असे मथळे देणाऱ्यांना बहुधा तेच अभिप्रेत असते, पण शब्द तेवढा भार पेलत नाही. ‘समज’ हा तटस्थ शब्द आहे; समज खरा असू शकतो, खोटाही असू शकतो. इतकेच नव्हे, तर भूतकाळात तो बहुतेक वेळा खोटा ठरल्याचेच सुचवतो: ‘माझा समज होता की दुकान एक वाजता बंद होते.’ वर्तमानकाळात ‘असा एक समज आहे’ असे लिहिणारा लेखक त्या विधानापासून स्वतःला थोडे दूर ठेवत असतो. दोन रकाने करायचे असतील, तर ‘गैरसमज’ आणि ‘वस्तुस्थिती’ ही जोडी वापरावी.

येथेच एक उपप्रश्न नेहमी येतो, की ‘समंजस’ आणि ‘सामंजस्य’ हे शब्द ‘समज’पासून बनले का. ते तसे वाटतात, पण नाहीत. ‘समंजस’ हा स्वतंत्र संस्कृत शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘योग्य, रास्त’ असा आहे.

१२. गैरसमज, भ्रम, संभ्रम, गल्लत, गफलत आणि पूर्वग्रह हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

चालणार नाहीत. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात दोरी साप भासली, तर तो भ्रम आहे, डोळ्यांनी फसवले. शेजारी आपल्याकडे पाहून हसले ते आपल्याला हसले असे वाटले, तर तो गैरसमज आहे. डोळ्यांनी बरोबर पाहिले, मनाने अर्थ चुकीचा लावला. दोन अर्थांपैकी कोणता धरावा हेच ठरत नसेल, तर तो संभ्रम. गैरसमजात असा अडखळ नसतो. दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या, तर गल्लत झाली: राजभाषा आणि राष्ट्रभाषा यांची गल्लत होते आणि त्या गल्लतीतून पहिल्या उत्तरातला गैरसमज जन्मतो. लक्ष नसल्यामुळे चूक झाली, तर गफलत.

पूर्वग्रहाचे मात्र वेगळे आहे. गैरसमज माहितीने दूर होतो. पूर्वग्रह माहिती समोर ठेवूनही हलत नाही, कारण तो माहितीच्या आधीपासून मनात बसलेला असतो. गैरसमज फार दिवस तसाच राहिला, तर मनात अढी बसते, आणि अढी ही भावना असल्याने तिला खुलासा पुरत नाही.

१३. ‘चुकीचा गैरसमज’ असे लिहिले तर चालेल का?

चालणार नाही, चूक शब्दाच्या पोटातच आहे. ‘खोटा गैरसमज’ यालाही तेच लागू आहे. ‘गैरसमज खोटा ठरला’ हे वाक्य तर अर्थच उलटा करते. गैरसमज दूर होतो, फिटतो किंवा मिटतो. ‘मोठा’, ‘निव्वळ’, ‘सार्वत्रिक’ ही विशेषणे योग्य आहेत. ‘गोड गैरसमज’ हा रूढ शब्दप्रयोग असून जो धरून ठेवणे सुखाचे वाटते अशा गैरसमजाला तो लावतात.

१४. ‘अमुक नाही, हा गैरसमज आहे’ अशा वाक्याचा अर्थ नेमका काय घ्यावा?

‘गैरसमज’ला जोडलेले विधान नेहमी लेखकाला अमान्य असलेले विधान असते. ‘हिंदी राष्ट्रभाषा नाही, हा गैरसमज आहे’ असे लिहिल्यास हिंदी राष्ट्रभाषा आहे असे आपण म्हटल्यासारखे होते. अनेक जण खरी गोष्ट सांगण्याच्या ओघात हीच चूक करतात, आणि आरोग्यविषयक मजकुरात तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात. ‘ताप उतरला की औषध थांबवू नये, हा गैरसमज आहे’ हे वाक्य वाचणारा रुग्ण औषध थांबवेल. म्हणून आधी चुकीचे विधान होकारार्थी लिहावे, मग ‘असा गैरसमज आहे’ म्हणावे, आणि खरी गोष्ट स्वतंत्र वाक्यात सांगावी: ‘ताप उतरला की औषध थांबवले तरी चालते, असा गैरसमज आहे. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.’

१५. ‘मी समजलो’ आणि ‘मला समजले’ यांत काय फरक आहे?

‘मला समजले’ म्हणजे मला कळले, आणि जे कळले ते खरे आहे असे गृहीत असते: ‘तुम्ही आजारी होता हे मला काल समजले.’ ‘मी समजलो’च्या आधी एखादी धारणा आली, की ती चुकीची ठरल्याची सूचना असते: ‘मी तुम्हांला शिक्षक समजलो.’ म्हणजे ‘गैरसमज’ हा शब्द न उच्चारताही तो सांगता येतो. स्त्रीने बोलताना ‘मी समजले’ आणि ‘मला समजले’ यांत क्रियापदाचे रूप सारखेच दिसते, त्यामुळे सर्वनाम नीट ऐकावे. ‘गैरसमजणे’ असे क्रियापद मात्र मराठीत नाही. त्याऐवजी ‘चुकीचे समजणे’ म्हणावे.

१६. वयाने मोठ्या व्यक्तीला ‘तुमचा गैरसमज झाला आहे’ असे म्हणणे उद्धटपणाचे आहे का?

शब्दांत उद्धटपणा नाही, पण रोख समोरच्याच्या आकलनाकडे जातो, म्हणून ते टोचते. मराठी शिष्टाचाराची रीत अशी, की चूक आपल्या सांगण्यात होती असे धरून बोलावे: ‘काका, माझ्या सांगण्यात काहीतरी राहून गेले असेल, मला म्हणायचे होते ते असे.’ वस्तुस्थिती यातूनही पूर्ण पोहोचते आणि कोणाचा मान दुखावत नाही.

औपचारिक पत्रात ‘आपला गैरसमज झाला आहे’ लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘आपला’ म्हणजे आदरार्थी ‘तुमचा’ आणि ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा-आमचा दोघांचा’, असे दोन्ही अर्थ संभवतात. गृहनिर्माण संस्थेच्या एका पत्रात हे वाक्य होते, आणि संस्थेने स्वतःची चूक कबूल केली असे समजून सभासदाने थकबाकी भरण्याचे थांबवले. अशा ठिकाणी ‘आपणांस वाटते त्याप्रमाणे वस्तुस्थिती नाही’ असे लिहावे.

१७. पत्राच्या शेवटी ‘गैरसमज नसावा’ असे लिहितात, ते कशासाठी?

नकार, उशीर किंवा कठोर वाटू शकणारी सूचना कळवताना, यामागे राग किंवा अनादर नाही, हे सांगण्यासाठी. ‘लग्नाला येणे जमणार नाही, कृपया गैरसमज नसावा’ हे अगदी योग्य आहे. मात्र हे शब्द खुलाशाची जागा घेत नाहीत. कारण न देता केवळ ‘गैरसमज नसावा’ लिहिले, तर वाचणाऱ्याच्या मनात तोपर्यंत नसलेली शंका उभी राहते.

१८. हिंदी येत असल्यामुळे मराठी समजते असे वाटते. कोणत्या शब्दांनी गैरसमज होतात?

पुण्यात नव्याने आलेल्यांच्या बाबतीत हे रोज घडते. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘व्यस्त’ म्हणजे हिंदीत कामात गुंतलेला. मराठीत ‘व्यस्त प्रमाण’ म्हणजे उलटे प्रमाण. ‘संसार’ हिंदीत जग आहे, मराठीत घरप्रपंच. ‘खाली’ हिंदीत रिकामा, मराठीत खालच्या बाजूला. सर्वांत जास्त वेळ समजावावा लागतो तो ‘हरकत’ हा शब्द: मराठीत ‘माझी हरकत नाही’ म्हणजे माझा आक्षेप नाही, पण हिंदीत ‘हरकत’ म्हणजे कृती, बहुधा आक्षेपार्ह कृती. उलट हिंदीतील ‘आपत्ति’ आक्षेपासाठी वापरतात आणि मराठीतील ‘आपत्ती’ म्हणजे संकट.

१९. दोघेही मराठीच असताना शब्दामुळे गैरसमज होतो का?

होतो. ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेला दिवसही दाखवतो आणि येणारा दिवसही. अर्थ क्रियापदाच्या काळावर ठरतो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यांत अडचण नाही, पण निरोपाच्या चिठ्ठीत नुसते ‘पैसे परवा’ असे लिहिले, तर पैसे दिले की द्यायचे आहेत, हे कळायला मार्ग नाही. तसेच ‘पुढचा शनिवार’ कोणी येत्या शनिवारला म्हणतात, कोणी त्यानंतरच्या. तारीख लिहावी हे उत्तम.

काही गैरसमज शुभाशुभाच्या संकेतांतून येतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात, दुकान बंद करण्याला ‘दुकान वाढवणे’ म्हणतात, बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतात. हे संकेत नव्या पिढीच्या कानांवर कमी पडतात. ‘दुकान वाढवले’ याचा अर्थ दुकान मोठे केले असा घेणारी मराठी मुले मला भेटली आहेत, आणि त्यांना दोष देण्याऐवजी आपण ते शब्द वापरत राहावे असे मला वाटते.

२०. कायद्याच्या भाषेत गैरसमजाला काही स्थान आहे का?

आहे, पण शब्द जपून वापरला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये मुख्य संकल्पना ‘चूक’ ही आहे. कराराचा गाभा असलेल्या वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्षांची चूक झाली असेल, तर कलम २० नुसार तो करार निरर्थक ठरतो. केवळ एका पक्षाची चूक झाली, एवढ्याच कारणावरून कलम २२ नुसार तो रद्द करता येत नाही. म्हणजे ‘माझा गैरसमज झाला होता’ एवढे सांगून सही मागे घेता येत नाही.

फौजदारी कायद्यात भीतीपोटी किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, आणि ती तशी दिली आहे हे कृत्य करणाऱ्याला ठाऊक असेल किंवा तसे मानण्यास त्याला कारण असेल, तर संमती मानली जात नाही. ही तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम २८ मध्ये आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा; येथे फक्त शब्दाचा वापर सांगितला आहे.

२१. एखाद्या शब्दाचा अर्थ बहुतेकांनी चुकीचाच धरला, तर तोही गैरसमजच म्हणायचा का?

‘अपरोक्ष’ हा शब्द घ्या. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष. वेदान्तात ‘अपरोक्ष अनुभूती’ म्हणतात ती थेट अनुभवाला. पण आज ‘माझ्या अपरोक्ष त्यांनी निर्णय घेतला’ असे म्हणणारे लोक ‘माझ्या पाठीमागे’ असाच अर्थ घेतात, आणि ऐकणाऱ्यालाही तोच पोहोचतो. बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा अर्थ जुळला असल्याने त्या दोघांत गैरसमज झालेला नाही; गैरसमज आहे तो शब्दाच्या घडणीविषयी. अशा वेळी बोलणाऱ्याला मध्येच अडवून दुरुस्त करणे मला योग्य वाटत नाही. मजकूर तपासताना मात्र मी ‘माझ्या पश्चात’ असाही बदल करत नाही, कारण ‘पश्चात’ हा शब्द पुष्कळदा मृत्यूनंतरच्या काळासाठी वापरला जातो आणि तेथे नवाच गैरसमज उभा राहतो. ‘मी नसताना त्यांनी निर्णय घेतला’ असे मी सुचवते.